शेऱ्याच्या रकान्यात न मावलेलं

अर्ज क्रमांक एकशे बारा.
वैजयंती बाबुराव गिरप, मुक्काम कुंभारमाठ, तालुका मालवण.
मागणी पंच्याऐंशी लाख.
कारण: कड्या.

पतपेढीत सव्वीस वर्षं मी कारणं वाचतोय.
ट्रॉलरचं इंजिन, आमरसाचे डबे,
काजू फोडायचं यंत्र,
समुद्राकडे तोंड केलेल्या चार खोल्या.
कड्या पहिल्यांदाच.

तिनं पिशवीतून फडकं काढलं,
फडक्यातून दुसरं फडकं,
आणि बाराव्या दिवशीचं पोर पाळण्यात घालावं
तशी एक कडी टेबलावर ठेवली.
"हात लाव नकात हां, काका.
बोटाचा तेल लागता."

कडी एका डब्याला बसते.
डब्यातली हवा उपसून काढतात,
मे महिन्यात विहीर उपसतात तशी, गाळासकट.
मग त्या पोकळीत, इथून तीन विमानं पलीकडे,
ताटलीएवढ्या चकतीवर रेघा कोरतात.
किती बारीक?
"तुमच्या मिशयेच्या एका केसार
आपल्या तालुक्याचे सगळे रस्ते बसतीत.
पाणंदी धरून."
मी मिशीवरून हात फिरवला.

नऊ वर्षं ती पुण्यात पंपांच्या कारखान्यात होती.
परत येऊन चाळीस कड्या केल्या, पाठवल्या.
एकतीस परत.
सोबत एका ओळीचं पत्र:
धातूवर मीठ आढळले.

मीठ म्हणजे आमचा वारा.
ज्यानं पत्रे खाल्ले, सायकली खाल्ल्या,
माझ्या कपाटाचं कुलूप दर दिवाळीला खातो, तोच.
म्हणून पंच्याऐंशीतले चाळीस लाख
नुसत्या दोन दारांना:
एक उघडलं की दुसरं बंद,
आणि मधल्या जागेत धुतलेली हवा.
यंत्र कोइमतूरहून, वापरलेलं.

मी नेहमीचा प्रश्न विचारला. हंगाम कधी?
मासळीला असतो, आंब्याला असतो,
खोल्यांना नाताळ असतो.
ती म्हणाली, हंगाम नाही, लाट आहे.
दोन वर्षं कड्या पुरत नाहीत,
मग कुठल्याशा देशात कुणीतरी सही करतो
आणि पार्सलं बंदरावर बसून राहतात.
भरतीची वेळ निदान कॅलेंडरवर छापलेली असते, म्हटलं.
ती हसली नाही.

तारण: काजूची बाग.
सातबाऱ्यावर अकरा नावं,
तीन वारलेली,
एक बोरिवलीला, फोन न उचलणारं.

मी एकदा बर्फाच्या कारखान्याला
होय म्हटलं होतं.
त्याचे पाइप देवबागेच्या वाटेवर अजून गंजतायत.
मालक आता सावंतवाडीत मेव्हण्याच्या दुकानात बसतो.
मला बघून नमस्कार करतो,
हेच वाईट.

ती झेरॉक्सला खाली गेली.
खोलीत मी, पंखा आणि कडी.
लावलंच एक बोट.
दाबलं नाही, टेकवलं फक्त.
गार होती, पहाटेच्या कळशीसारखी.
बोट उचललं
तरी बोट तिथंच,
भोवऱ्यांसकट.

ती आली, बघितलं,
झेरॉक्सची पानं सारखी केली.
"ऱ्हवांदे तुमच्याकडेच.
कागद उडूचे नाय."
नंतर हिशेबाच्या तक्त्यात सापडलं:
एका कडीची किंमत अठ्ठावीसशे.

आता ती फाइलवर असते.
चिऱ्याचा ट्रक गेला की
खिडकीतून तांबडी धूळ येते, कडीवर बसते.
मी बाहीनं पुसतो.
पुसून काही उपयोग नाही हे मला कळतं,
तरी पुसतो.

बोरिवलीचा फोन काल उचलला गेला.
"बघतो," म्हणाला.

सोमवारी संचालकांची सभा.
शेऱ्याला ओळी दोनच.
पहिलीत लिहिलं: जुनी परतफेड नियमित.
दुसरीत बराच वेळ पेन टेकवून बसलो,
शाईचा ठिपका मोठा झाला,
मग लिहिलं:
दारांच्या रकमेत कपात करू नये.